डेव्हिड ससून: एका परागंदा व्यापाऱ्याचा धर्मादाय

पुण्यात आणि मुंबईत ‘ससून’ हे नाव रोजच्या बोलण्यात इतके रुळलेले आहे की, ते कुणा माणसाचे आडनाव आहे याचा सहसा विचारही होत नाही. पुण्यात रुग्णाला ‘ससूनला हलवले’ जाते, कुलाब्याच्या ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव चालतो, काळा घोडा परिसरात डेव्हिड ससून ग्रंथालयाची दगडी इमारत उभी आहे आणि माटुंग्याच्या बालसुधारगृहालाही हेच नाव आहे. ही नावे ज्या घराण्याची आहेत त्याचे मूळपुरुष डेव्हिड ससून (1792–1864) बगदादहून परागंदा होऊन मुंबईत आले होते. त्यांनी शहराला दिलेल्या देणग्यांची माहिती मराठी वाचकाला थोडीफार असते. परंतु त्यांच्या पाठोपाठ बगदाद, बसरा, अलेप्पो या भागांतून बहुधा रिकाम्या हाताने आलेल्या यहुदी कुटुंबांसाठी त्यांनी जी व्यवस्था उभी केली तिची चर्चा क्वचितच होते, आणि या दात्याचे खरे वेगळेपण त्या व्यवस्थेतच आहे.

डेव्हिड यांचे वडील शेख ससून बेन सालेह हे बगदादच्या पाशांचे, म्हणजे ऑटोमन साम्राज्याच्या प्रांताधिपतींचे, मुख्य खजिनदार होते आणि त्याचबरोबर तेथील यहुदी समाजाचे ‘नासी’ही होते. समाजाच्या वतीने दरबारात बोलणारा आणि गोरगरिबांची जबाबदारी शिरावर घेणारा प्रमुख म्हणजे नासी. दाऊद पाशाच्या कारकिर्दीत धनाढ्य यहुद्यांकडून पैसा उकळण्याचे सत्र सुरू झाले, तेव्हा या घराण्यावर देश सोडण्याची पाळी आली. डेव्हिड प्रथम बसऱ्याला आणि तेथून इराणच्या आखाती किनाऱ्यावरील बुशहर बंदरात गेले, वृद्ध वडिलांना तेथेच मृत्यू आला आणि 1832 च्या सुमारास डेव्हिड बायकामुलांसह मुंबईत दाखल झाले. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते, अरबी, हिब्रू, तुर्की व फारसी या भाषा त्यांना येत होत्या, मात्र इंग्रजीचा गंध नव्हता. पुढे 1853 मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतानाही त्यांनी सही हिब्रू लिपीतच केली. पोशाखाच्या बाबतीतही ते शेवटपर्यंत बगदादी राहिले. फेटा, पायघोळ झगा आणि पांढरी दाढी ही त्यांची मूर्ती चित्रांत आणि पुतळ्यांतही तशीच दिसते.

त्यांनी मुंबई गाठली तो काळ व्यापाऱ्याला अनुकूल होता. चीनशी व्यापार करण्याची ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी 1833 च्या कायद्याने संपली आणि खासगी पेढ्यांना ते क्षेत्र खुले झाले. ससून पेढीने सुरुवातीला इराणी आखाताशी कापड व इतर मालाची देवघेव केली आणि पहिल्या अफू युद्धानंतर, म्हणजे 1842 च्या नानकिंग तहाने चीनची बंदरे उघडल्यावर, 1844 मध्ये डेव्हिड यांनी आपला दुसरा मुलगा एलिआस याला तिकडे धाडले. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे आणि पुढील काही दशकांत या व्यापाराचा फार मोठा हिस्सा ससून घराण्याच्या हाती आला. त्यांच्या कोणत्याही देणगीचा विचार करताना या पैशाच्या उगमाकडे डोळेझाक करून चालत नाही. तेव्हा हा व्यापार कायदेशीर होता आणि त्यात पारशी, गुजराती, मारवाडी व इंग्रज पेढ्याही होत्या, हे खरे. परंतु त्याने चीनमधील असंख्य घरे उद्ध्वस्त केली, हेही तितकेच खरे आहे.

यहुदी धर्मात दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. दान ही देणाऱ्याची मर्जी नसून त्याचे कर्तव्य आहे आणि घेणाऱ्याचा त्यावर हक्क आहे, अशी त्यामागील धारणा आहे. ससून पेढीने ही धारणा थेट खतावणीत उतरवली: प्रत्येक व्यवहारावर एक छोटा हिस्सा, शेकडा पाव, धर्मादायाच्या खात्यात जमा होत असे. मुंबईच्या बाजारपेठेला ही रीत मुळीच परकी नव्हती. कापूस, साखर, अफू अशा मालाच्या सौद्यांवर कर बसवून जैन, हिंदू व पारशी व्यापाऱ्यांनी 1834 मध्ये येथे पांजरपोळ उभारली होती. डेव्हिड यांच्या बाबतीत विशेष आहे तो या पैशाचा विनियोग. बगदादहून जहाजाने उतरलेल्या गरीब कुटुंबातील मुलगा प्रथम ससूनांच्या धर्मादाय शाळेत जाई, तेथे धर्मग्रंथांबरोबर इंग्रजी आणि हिशेब शिके, वयात आला की त्याच पेढीत कारकून म्हणून लागे आणि नंतर शांघाय, हाँगकाँग किंवा अशाच एखाद्या बंदरातील शाखेवर त्याची रवानगी होई. दूरच्या शाखेतही शनिवारी, म्हणजे ‘शब्बाथ’ या विश्रांतीच्या दिवशी, पेढी बंद असे आणि यहुदी आहारनियमांना धरून राहणे त्याला शक्य होई. प्रार्थनेसाठी भायखळ्यात ‘मागेन डेव्हिड’ म्हणजे ‘दाविदाची ढाल’ या नावाचे प्रार्थनामंदिर, अर्थात सिनॅगॉग, डेव्हिड यांनी 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधले. त्यांचा ‘साँ सूसी’ हा वाडाही भायखळ्यातच होता, आणि त्या वाड्याच्या जागी आता मसिना रुग्णालय आहे. शाळेपासून नोकरीपर्यंत आणि प्रार्थनेपासून दफनापर्यंत एखाद्या माणसाचे सबंध आयुष्य या घराण्याच्या आधाराने पार पडू शकत होते.

या औदार्यात व्यापारी हिशेब मुळीच नव्हता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पेढीचा पत्रव्यवहार यहुदी-अरबी भाषेत, म्हणजे बगदादी यहुद्यांच्या बोलीत आणि हिब्रू अक्षरांत, चालत असे. ती अक्षरे वाचणारा कारकून मुंबईच्या बाजारात मिळणे शक्य नव्हते आणि पत्र प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडले तरी त्याला त्यातून काही उमगत नसे. धर्मादाय शाळेतून बाहेर पडणारी मुले म्हणजे या गोपनीय लिपीचे तयार जाणकार होते. शिवाय ज्याच्या धाकट्या भावंडांची शाळा आणि विधवा आईचे पोट मालकावर अवलंबून आहे तो नोकर सहसा बेइमानी करत नाही. दान आणि नफा येथे एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की, त्यांना वेगळे काढण्याचा अट्टाहास न केलेलाच बरा. आश्रिताला रोजगार मिळत होता आणि मालकाला विश्वास मिळत होता. दोघांपैकी कुणालाही त्यात ढोंग वाटले असेल, असे दिसत नाही.

या आपुलकीला एक ठळक कुंपणही होते. बगदादी यहुदी येण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून कोकणात बेने इस्रायल हा यहुदी समाज राहत होता. मराठी बोलणारा, गावावरून दिवेकर, केहिमकर, पेणकर अशी आडनावे लावणारा आणि तेलाच्या घाण्यांवर शनिवारी काम बंद ठेवत असल्याने कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज मुंबईतही स्थिरावला होता. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले होते. स्वतःची मंदिरे होण्यापूर्वी बगदादी मंडळी बेने इस्रायलांबरोबरच प्रार्थना करत. तरीही 1836 मध्येच डेव्हिड ससून व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाईक दफनभूमीत दोन्ही समाजांच्या जागा भिंत घालून वेगळ्या कराव्यात, अशी मागणी सरकारकडे केली. धर्माचरणाच्या शुद्धतेचे कारण त्यासाठी पुढे केले जाई, पण वर्णाचा आणि इंग्रजांच्या दृष्टीने आपण ‘नेटिव्ह’ ठरू नये या धडपडीचाही त्यात वाटा होता. परागंदा माणसाने नव्या भूमीत आपल्या माणसांना पोटाशी धरावे आणि त्याच वेळी आधीपासून तेथे असलेल्या धर्मबांधवांपासून अंतर राखावे, ही विसंगती त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

समाजाबाहेरच्या देणग्या मात्र धर्म न पाहता दिलेल्या आहेत. पुण्याचे ससून रुग्णालय 1867 मध्ये सुरू झाले. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी त्याचा आराखडा केला आणि पुण्याच्या लष्कर भागातील ‘ओहेल डेव्हिड’ म्हणजे ‘दाविदाचा तंबू’ हे प्रार्थनामंदिरही त्यांनीच रेखले. लाल विटांमुळे आणि उंच मनोऱ्यामुळे पुणेकर या मंदिराला ‘लाल देऊळ’ म्हणतात आणि लांबून पाहणारा ते चर्च समजतो. 1857 मध्ये सुरू झालेली सुधारशाळा, म्हणजे आताचे माटुंग्याचे बालसुधारगृह, ही कल्पना म्हणून अधिक लक्षणीय होती, कारण गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात न डांबता वेगळे ठेवून हातचा धंदा शिकवावा, हा विचार तेव्हा भारतात नवा होता. काळा घोडा येथील ग्रंथालयाचे बीज टांकसाळ आणि गोदीतील तरुण यंत्र-कामगारांनी 1847 मध्ये स्थापन केलेल्या मंडळात आहे. त्यांच्या इमारतीसाठी डेव्हिड यांनी साठ हजार रुपये दिले, परंतु 1870 मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा ते हयात नव्हते.

नोव्हेंबर 1864 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले आणि लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी बांधण्यात आली. त्यांना दोन विवाहांपासून आठ मुलगे होते. थोरल्या अब्दुल्लाने, म्हणजे पुढील सर अल्बर्ट ससून यांनी, 1875 मध्ये कुलाब्याची गोदी बांधून घेतली, तर एलिआस यांनी 1867 मध्येच भावापासून फुटून स्वतंत्र पेढी काढली. पुढे घराण्याची एक शाखा लंडनला जाऊन ब्रिटिश उमरावांत मिसळली. आजोबांचा वारसा मुंबईत चालवला तो एलिआस यांचे पुत्र सर जेकब ससून यांनी. त्यांच्या कापडगिरण्यांत बेने इस्रायल कामगारही मोठ्या संख्येने होते. फोर्टमधील, निळ्या रंगासाठी ओळखले जाणारे ‘केनेसेथ एलियाहू’ हे मंदिर 1884 मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबाने बांधले, भायखळ्यात त्यांच्या नावाची शाळा निघाली आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या उभारणीतही त्यांची मोठी देणगी आहे.

रक्ताचे नाते नसलेल्या वारसांची कथा त्याहून विलक्षण आहे. बगदादच्या गरीब घरातील सिलास हार्दून मुंबईत ससूनांच्या धर्मादाय शाळेत शिकले, 1868 मध्ये पेढीचे नोकर म्हणून चीनकडे गेले आणि पुढे शांघायच्या सर्वांत श्रीमंत जमीनमालकांत गणले गेले. एली कदूरी हेही बगदादचेच; त्यांनी 1880 मध्ये एलिआस ससूनांच्या पेढीत उमेदवारी सुरू केली आणि नंतर हाँगकाँगमध्ये स्वतःचा व्यवसाय उभा केला. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी सुरू केलेली शाळा पुढे आर्थिक अडचणीत आली, तेव्हा तिला मोठी मदत केली ती या कदूरींनी. ज्या समाजाशी सामाईक दफनभूमीतही भिंत असावी असे पहिल्या ससूनांना वाटले होते, त्याच समाजाच्या शाळेला त्यांच्या घराण्याच्या पेढीत घडलेल्या माणसाचे नाव मिळाले. माझगावची ही सर एली कदूरी शाळा आजही चालू आहे. बेने इस्रायल कुटुंबे बहुसंख्येने इस्रायलला गेल्यामुळे तिच्या वर्गांत आता प्रामुख्याने आसपासच्या वस्तीतील इतर धर्मांची मुले शिकतात.