पत्ता माझा, पत्र परक्याचे

वाराणसीतील घरी एका सकाळी ईमेल उघडली, तेव्हा मी कधीही न पाठवलेली डझनावारी पत्रे ‘पोहोचू शकली नाहीत’ अशा शेऱ्यासह माझ्याकडे परत आली होती. खाते कोणी बळकावले असावे, या शंकेने मी पासवर्ड बदलला. परंतु तशी खूण आढळली नाही. पाकिटावर कोणीही दुसऱ्याचा पत्ता लिहावा आणि न पोहोचलेले पाकीट टपालखात्याने त्याच पत्त्यावर परत करावे, तसा हा प्रकार. १९८२ साली ठरलेल्या ईमेलच्या नियमांत पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोय नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पडताळण्या पुष्कळ नंतर आल्या, आणि त्या सर्वांनी अवलंबिल्याखेरीज पुऱ्या पडत नाहीत.

हा केवळ मनस्ताप नव्हे. याच शहरात ७ डिसेंबर २०१० रोजी शीतला घाटावर स्फोट झाला. जबाबदारी घेणाऱ्या ईमेलचा माग नवी मुंबईतील वाशीला, कुलूप नसलेल्या एका वाय-फायपाशी पोहोचला. माझ्याबाबतीत नाव उसने घेतले गेले, तिथे वाट. ईमेलवरील पत्ता हा दावा असतो, पुरावा नव्हे. तपासयंत्रणांनी आणि आपणही हे ध्यानी ठेवले, तरच परक्याच्या पत्राचे पाप निरपराधाच्या माथी येणार नाही.