खलनायक नसलेली भांडणं

मराठी नाटकातली भावंडं जागेवरून, दागिन्यांवरून, बापाच्या पैशावरून पूर्वीपासून भांडत आली आहेत. पण समोर बसलेल्या प्रेक्षकाला ‘हे आमच्याच घरातलं’ असं वाटावं, असं भांडण लिहिणं आपल्या नाटककारांना हळूहळू साधत गेलं. तीन नाटकं ओळीने वाचली की ते कसं साधलं, हे कळतं.

विजय तेंडुलकरांनी १९६१ मध्ये लिहिलेलं ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणेपर्यंत १९७० उजाडलं. पैशासाठी बापाच्या अंगावर धावून जाणारे रमाकांत, उमाकांत आणि त्यांची बहीण माणिक पाहून मध्यमवर्ग हादरला. घर म्हटलं की मांगल्य, हा समज मोडायला तेवढाच जबर घाव हवा होता. तरी प्रेक्षकाला एक पळवाट उरली होती: इतकी टोकाची माणसं आपल्याकडे नाहीत, असं म्हणून त्याला हात झटकता येत होते.

ती पळवाट महेश एलकुंचवारांनी बंद केली. विजया मेहतांनी १९८५ मध्ये दिग्दर्शित केलेल्या ‘वाडा चिरेबंदी’त वडील तात्याजी गेले आहेत आणि मुंबईचा मुलगा सुधीर वऱ्हाडातल्या घरी आला आहे. तेराव्याचा खर्च कुणी उचलायचा, हा सवाल आहे. गावात राहणाऱ्या त्याच्या भावाला, भास्करला, गावजेवण टाळलं तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि सुधीरला मुंबईच्या पगारात ते झेपणारं नाही. दोघांचंही खरं आहे. बहीण प्रभाचं शिक्षण राहिलं, भाऊ चंदूचा जन्म घरासाठी राबण्यात चालला, ही दुखणीही त्याच वादात वर येतात. या घरात कुणी खलनायक नाही, म्हणूनच तिथलं भांडण सुटत नाही.

लालबाग-परळच्या चाळीतलं घर रंगमंचावर आणलं ते जयंत पवारांनी, १९९७ च्या ‘अधांतर’मध्ये. दिग्दर्शन मंगेश कदम यांचं, आईच्या भूमिकेत ज्योती सुभाष. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्याआधी पोरगा कुठे चिकटला नाही, तर बाप त्याला बदलीवर का होईना, गिरणीत लावून देई. संपाने तो आधार गेला. नाटकातल्या धुरींच्या घरात एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटमध्ये बुडालेला, एक टोळीच्या वाटेवर. कमावतं कोण आणि आयतं खातं कोण, यावरून ही भावंडं एकमेकांना बोल लावतात. मूळ कारण दाराबाहेर, गिरणीच्या बंद फाटकाशी आहे; पण त्याच्याशी भांडता येत नाही, म्हणून ती हाताशी असलेल्या माणसाशी भांडतात. पवार गिरणगावातच वाढले होते आणि ही माहिती त्यांच्या संवादांत मुरलेली आहे.

चाळीचं हे गणित लिहिणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवं. दहा बाय बाराच्या खोलीत भांडायला वेगळी जागा नसते. दिवसाढवळ्या दार लावलं की अख्ख्या मजल्याला कळतं, या घरात काहीतरी बिनसलंय. म्हणून आवाज दाबून, भांडी आपटत, मुलांना उद्देशून थोरल्या जावेला टोमणे मारत भांडण चालतं. पोटमाळा कुणाचा आणि गॅलरीत झोपायचं कुणी, हेच तिथले हक्काचे प्रश्न असतात.

आज त्याच चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. भाडेपावती कुणाच्या नावावर, म्हाडाच्या सोडतीत गिरणी कामगाराला लागलेलं घर कुठल्या वारसाचं, यावरून सख्खी भावंडं बोलेनाशी होतात. मालिका मात्र अजून स्वयंपाकघरात कारस्थानी सून शोधत असतात. आईचं शेवटपर्यंत केलेला भाऊ आणि जागा पुरेना म्हणून बदलापूरला गेलेला भाऊ, दोघांचीही बाजू जो लेखक तितक्याच पोटतिडकीने मांडेल, त्याचंच भांडण लोकांना खरं वाटेल. एलकुंचवार आणि पवारांनी हे करून दाखवलं आहे. पुढच्या लेखकाने सुरुवात तिथून करावी.