अर्ध्यावर राहिलेले ख्रिस्तायन

लेखमाला : शोक आणि आशा (भाग सातवा)

मागच्या भागात आपण केडगावला होतो. मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली आणि पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, पंडिता रमाबाईंनीही डोळे मिटले. मधल्या महिन्यांत बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी खाली ठेवले नाही, ते आपण पाहिले. आज खानदेशात यायचे आहे.

जळगावहून भुसावळकडे निघालेल्या गाडीला पहिले स्थानक लागते ते भादली. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. 5 मे 1918 रोजी तिथल्या रुळांवर रेल्वेखाली सापडून त्र्यंबक बापूजी ठोंबरे गेले. वय अवघे सत्तावीस. सगळा महाराष्ट्र त्यांना बालकवी म्हणून ओळखतो. ख्रिस्ती सेवेवरच्या लेखमालेत बालकवी कशाला, असे कोणी विचारील. ठोंबरे ख्रिस्ती नव्हते, शेवटपर्यंत झाले नाहीत. पण त्यांच्या आयुष्याशी एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घराची गाठ पडली होती, आणि ती पडली जळगावातच.

1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. धुळे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे राहिले आणि जळगावला पूर्व खानदेशाचा मान मिळाला. त्यानंतरच्याच वर्षी जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या, फौजदाराच्या पोराने, ठोंबरे याने, तिथे कविता म्हटली आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्या संमेलनाला आले होते. ते या मुलाला नगरला आपल्या घरी घेऊन गेले, आणि तो घरातलाच झाला.

त्या घराचा थोडा विचार करू. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. नवरा जिवंत असूनही तो आपल्याला गेला, असे दुःख त्यांनी काही वर्षे माहेरच्या नातेवाइकांत राहून सोसले. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या आणि 1900 च्या सुमारास स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. छप्पन्याच्या दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांच्या घरात वाढली. तान्ही मुले गमावण्याचे दुःखही या जोडप्याच्या वाट्याला आलेले होते. अशा घरात लहरी, हळवा, जरा मनाविरुद्ध झाले की रुसून बसणारा ठोंबरे आला. फुलराणीचे लग्न लावणारा हा कवी उदासीनतेने किती ग्रासलेला होता, ते त्याच्या कविता वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको. टिळकांनी त्याला जवळ केले ते मुलासारखे. तो ख्रिस्ती होतो की नाही, यावर त्या घरातले त्याचे ताट अवलंबून नव्हते. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. दुःखी माणसाला जवळ करताना आधी अट घालणारी सेवा ही सेवा उरत नाही.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे सगळे अनुयायी एका बंधुत्वात यावेत, हा त्यांचा ध्यास होता. पुढच्या वर्षी भादलीची बातमी आली. आणि त्यानंतर एक वर्ष जेमतेम उलटले तोच, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळक गेले. दरबार पुरता उभा राहिला नव्हता. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे पद्यमय ख्रिस्तचरित्र सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते.

इथे लक्ष्मीबाईंकडे वळू. वय पन्नाशीच्या पुढे. लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. ती पुढे टिळकांनी करून दिली, जोडाक्षरे मात्र जन्मभर छळत राहिली. अशा बाईने नवऱ्याचे अर्धवट काव्य पुढे न्यायला घेतले आणि एक-दोन नव्हे, 64 अध्याय रचले. टिळकांचा भाग आरंभीचा. म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाकडे, वधस्तंभाकडे चालत जाणारी कथा एका विधवेच्या हाती आली. तिने ती टाळली नाही, आवरती घेतली नाही. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्याही गेल्या. ग्रंथ छापून निघाला तो दोघांच्याही पश्चात. मधल्या काळात मुलगा देवदत्त याच्या आग्रहाने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली आणि 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या आत्मचरित्रांत ती मोजली जातात. त्यांत मरणे आहेत, पटकी-प्लेग आहे, उपासमार आहे, पण रडगाणे नाही.

लक्ष्मीबाईंचे लिहिणे वाचताना मला नेहमी आसोद्याच्या बहिणाबाई आठवतात. आसोदे भादलीपासून लांब नाही. बहिणाबाईंना अक्षर येत नव्हते, वैधव्य आले तेव्हा पदरात लहान मुले होती, आणि गाणी होत गेली ती जात्यावर, शेतात. ती कागदावर उतरली मुलगा सोपानदेव यांच्यामुळे, आणि पुस्तक निघाले त्या गेल्यावर, 1952 मध्ये. दोघींच्या श्रद्धेचे घर वेगळे. दोघींनी दुःखाला काम दिले.

आता मूळ प्रश्नाकडे. शोकात आशा असते असे ख्रिस्ती माणूस म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे असते? पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले एक वचन मातीच्या वेळी हमखास वाचले जाते आणि तितकेच हमखास चुकीचे ऐकले जाते. पौल शोक करू नका असे म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढेच म्हणतो. शोकाला तिथे पूर्ण जागा आहे. बेथानीत लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्या वेळात आपण त्याला उठवणार, हे ठाऊक असूनही रडला. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाचीच आहेत. देवाला जाब विचारणारी, किती काळ असे विचारणारी. त्यांतल्याच एका विलापाने वधस्तंभावर येशूच्या तोंडी शब्द दिले. ज्या मंडळीत हे विलाप वाचले जात नाहीत, तिथे शोकग्रस्ताला आपले रडणे म्हणजे विश्वासाची कमतरता वाटू लागते. हे नुकसान मोठे आहे.

ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोलले नाही. तोवर ते उत्तम सांत्वन करत होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले आणि तिथून सगळे बिघडले.

खानदेशात मयताच्या घरी द्वारदर्शनाला जाण्याची पद्धत घराघरांत आहे. ख्रिस्ती घरातही माणसे येतात, सतरंजीवर बसतात, शेजारचे पिठले-भाकरी पाठवतात. पाळकसाहेब येतात, वचन वाचतात, ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले जाते. टिळकांची गीते त्यात मोठ्या संख्येने आहेत, आणि पेटी-तबल्यावर ती गाताना आजी-आजोबांना पुस्तक लागत नाही. हे सगळे चांगले आहे. अडचण येते ती भाषण सुरू झाले की. तरणाताठा मुलगा गेलेल्या आईला ‘देवाची इच्छा’ असे सांगून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. तिला तेव्हा कारण नको असते. ते जरी कळले, तरी तिचा मुलगा परत येणार नसतो.

कापसाच्या पट्ट्यात कर्जापायी जीव दिलेल्या माणसाच्या घरी तर मंडळीची जीभच अडखळते. पाप की नाही, याचा खल अंगणात चालतो आणि आत बायको एकटी. तिथे नेतृत्वाची खरी कसोटी असते. पाळकाने त्या दिवशी निवाडा बाहेर ठेवावा, तिच्याजवळ बसावे, आणि पुढच्या महिन्यात सावकाराकडे, तलाठ्याकडे तिच्यासोबत जायला कोणी आहे का ते पाहावे. करोनाच्या साथीत द्वारदर्शन तुटले, माती तुटली, चार माणसांत निरोप देणे तुटले. तेव्हाचा शोक कित्येक घरांत अजून न रडलेलाच आहे. धुळे-जळगावच्या मंडळ्यांनी त्या नावांसाठी स्मरणभक्ती ठेवली, तर उशीर झाला असे मी म्हणणार नाही.

आणि पाळकाच्या स्वतःच्या दुःखाचे काय? लोक त्याला सांत्वन करणारा म्हणून ओळखतात, म्हणून त्याच्या घरी सांत्वनाला जायला संकोचतात. त्याची पत्नी गेली तरी पुढच्या रविवारी तो उपदेशपीठावर उभा असावा, अशी न बोललेली अपेक्षा असते. माझे मत स्पष्ट आहे. पंच कमिटीने त्याला काही आठवडे सुटी द्यावी, उपासना इतरांनी चालवावी, आणि त्याला मागच्या बाकावर बसू द्यावे. तो मंडळीसमोर रडला, तर मंडळीचेही रडणे मोकळे होते.

लक्ष्मीबाईंकडे पाहून आणखी एक काम पाळकांना करता येईल. मयत माणसाच्या घरी तीन-चार महिन्यांनी, येणे-जाणे थांबल्यावर, पुन्हा जावे आणि विचारावे : त्यांचे कोणते काम अर्धे राहिले? रविवारच्या शाळेचा वर्ग असेल, भजनी मंडळ असेल, पोरांना शिकवायचे राहिलेले पेटीवादन असेल, लावायची राहून गेलेली लिंबाची झाडे असतील. ते काम घरातले कोणी उचलणार असेल, तर मंडळीने हात लावावा. लगेच विचारू नये. पहिल्या महिन्यात हा प्रश्न जड जातो. आणि उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर चहा घेऊन, बसून, पुढच्या महिन्यात परत यावे.

पुढच्या भागात नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याला जाऊ. तिथले ख्रिस्ती रुग्णालय 1942 पासून आदिवासी पट्ट्यात काम करते आहे. मरणाशी रोज गाठ असलेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या थकव्याविषयी तिथे बोलायचे आहे.