दुष्काळात अंग आखडणारा इग्वाना

वर्गात ‘अनुकूलन’ शिकवताना आम्ही शिक्षक बहुधा उंटाचे उदाहरण देतो. त्यामुळे मुलांच्या मनात पक्के बसते की, असे बदल घडायला असंख्य पिढ्या जाव्या लागतात. ते खरेच आहे. पण अल्लाह तआलाने काही जीवांना आपल्या एकाच आयुष्यात, आपल्याच देहात बदल करण्याची शक्तीही दिली आहे.

इक्वेडोर देशाच्या गॅलापागोस बेटांवर सागरी इग्वाना राहतो. घोरपडीसारखा दिसणारा हा प्राणी समुद्रकाठचे शेवाळ खाऊन जगतो. मोठे इग्वाना त्यासाठी पाण्यात बुडीही मारतात. पावसाळ्यापूर्वी आपण ज्या ‘एल निनो’ची बातमी काळजीने वाचतो, तो आला की तिथले पाणी तापते. खाण्याजोगे शेवाळ नाहीसे होते. त्याच्या जागी जे वाढते ते इग्वानाला नीट पचत नाही. कित्येक इग्वाना उपासमारीने मरतात.

मार्टिन विकेल्स्की आणि कोरिना थॉम या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे हे प्राणी मोजले. त्यांचे निष्कर्ष २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आले. अशा काळात काही इग्वानांची लांबी २० टक्क्यांपर्यंत घटली होती. नुसते वजन नव्हे, लांबी! एवढी घट केवळ मांस झडून होत नाही. हाडेही आखडत असावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. लहान देहाला थोडे अन्न पुरते. म्हणूनच जे जास्त आखडले, ते जास्त काळ जगले. शेवाळ परत आले, तशी त्यांची वाढही पुन्हा सुरू झाली.

मग या प्राण्याला कशाचीच भीती नाही का? आहे. जानेवारी २००१ मध्ये तिथे एक तेलवाहू जहाज खडकाळ किनाऱ्यापाशी रुतले आणि तेल सांडले. सांता फे बेटापर्यंत त्याचा थोडासाच अंश पोहोचला. तरी वर्षभरात तिथले ६२ टक्के सागरी इग्वाना मेले. शेवाळ पचवणारे आतड्यातील सूक्ष्मजीव तेलाने मेले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

एल निनो पुन्हा पुन्हा येतो. त्याला तोंड देण्याची सोय या देहात आहे. माणसाने सांडलेल्या तेलासाठी नाही. ‘निसर्ग आपोआप सावरतो’ असे आपण सहज म्हणतो. पण ही सृष्टी आपल्याकडे अमानत आहे, आणि प्रत्येक जीवाच्या सोसण्याला हद्द आहे. ती हद्द ओळखून वागणे, हे आपले काम.