नजर, नेम आणि तोल : लेखांक सहावा

बंदुकीचा नेम हे एकट्या डोळ्याचे काम समजले जाते. वस्तुतः त्यात डोळा, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणजे अंतर्कर्ण, आणि पायांच्या तळव्यांतून व सांध्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना अशा तिघांचा वाटा असतो, आणि वय वाढते तसे हे तिघेही थोडेथोडे उणे पडू लागतात. नजर अधू झाली की जास्त शक्तीची दुर्बीण बसवावी, हा सल्ला उतारवयातील नेमबाजाला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे, कारण दुर्बीण नजरेचे जे दुखणे दूर करते त्याच्या बदल्यात ती तोलाचा एक महत्त्वाचा आधार काढून घेते.

वसई-विरारमधील वटार, निर्मळ, नंदाखाल या वाड्यांच्या पट्ट्यात बंदूक ही घरोघरी आढळणारी वस्तू नव्हे. तरीही 20 ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या आणि 0.177 इंची छर्रा फेकणाऱ्या हवेच्या बंदुकीला भारतात परवाना लागत नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर हा खेळ शिकू पाहणाऱ्याचा प्रवेश बहुधा 10 मीटर एअर पिस्तूल किंवा एअर रायफल यांतूनच होतो, आणि त्यासाठी वसई-विरारच्या माणसाला वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारख्या ठिकाणापर्यंत लोकलने जाण्याची तयारी ठेवावी लागते. वय हा येथे अडसर नाही. स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये वयाच्या 72 व्या वर्षी रौप्यपदक मिळवले, आणि उत्तर प्रदेशातील जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी तर साठी उलटल्यावर पहिल्यांदा पिस्तूल हाती धरले.

साध्या पिस्तुलावर डोळ्याकडच्या बाजूची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचे लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात, पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. तरुण डोळ्यातले भिंग लवचिक असल्यामुळे ते जवळच्या वस्तूसाठी फुगते. ही क्षमता दहाव्या वर्षी सुमारे 14 डायॉप्टर असते आणि साठीपर्यंत जेमतेम 1 डायॉप्टर उरते. यालाच चाळिशी म्हणतात. माडाच्या शेंड्यावरचा नारळ नीट दिसावा आणि हातातल्या विड्याच्या पानाची शीर मात्र दिसू नये, तशी गत नेमबाजाची होते : लक्ष्य स्पष्ट, माशी धूसर. वाचनाचा चष्मा लावूनही भागत नाही, कारण तो हातभराच्या आतल्या अंतरासाठी असतो आणि माशी पाऊण ते एक मीटरवर असते. नेमबाजीच्या चष्म्याचा नंबर म्हणून वेगळाच काढावा लागतो. दूरच्या नंबरात साधारण अर्ध्या डायॉप्टरची भर घातली की डोळा माशीच्या दुप्पट अंतरावर स्थिरावतो आणि माशी व लक्ष्य ही दोन्ही सारख्याच, सोसण्याजोग्या प्रमाणात धूसर राहतात. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना माशीचे अंतर फीतपट्टीने मोजून नेले, तर हे काम फार सोपे होते.

रायफलच्या स्पर्धांत हीच अडचण पीप साइटने, म्हणजे एक-सव्वा मिलिमीटरच्या बारीक छिद्रातून पाहून सोडवली जाते. छिद्र जितके लहान तितकी जवळची व दूरची वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक मिळवले, तेही अशाच छिद्रातून पाहून, कारण त्या प्रकारात वस्तू मोठी करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. वयस्क डोळ्याला मात्र छिद्राची किंमत प्रकाशात मोजावी लागते. वयानुसार बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर होते, त्यामुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्याने छिद्र किंचित मोठेच ठेवलेले बरे.

दुर्बीण किंवा लाल ठिपक्याचे रोखयंत्र, ज्याला रेड डॉट म्हणतात, यांत खूण आणि लक्ष्य एकाच प्रतलात आल्यासारखी दिसतात, म्हणून चाळिशीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. सिलिंडरचा नंबर असलेल्यांना तो ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो. अशा वेळी रोखयंत्र सदोष ठरवण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र काढून पाहावे, आणि छायाचित्रात ठिपका गोल आला तर दोष डोळ्यात आहे असे समजावे. मोतीबिंदूतही प्रकाश असाच फाकतो. दुर्बिणीची गोष्ट याहून नाजूक आहे. तिच्या मागून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास हा पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनशक्तीने भागून मिळतो : 40 मिलिमीटरच्या भिंगाला 10 पट शक्तीवर 4 मिलिमीटर, तर 4 पट शक्तीवर 10 मिलिमीटर. बाहुली 3 मिलिमीटरची धरली, तर पहिल्या स्थितीत डोके अर्धा मिलिमीटर सरकताच चित्राला काळी कड येऊ लागते. दुसऱ्या स्थितीत साडेतीन मिलिमीटरपर्यंत मुभा राहते. ज्याचे शरीर उभ्याउभ्या झुलते त्याच्यासाठी हा फरक निर्णायक आहे.

आणि वयस्क शरीर झुलतेच. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची हालचाल ओळखून डोळ्यांना तेवढेच उलट दिशेला वळवतात, म्हणून चालतानाही जग स्थिर दिसते. 10 पट शक्तीच्या दुर्बिणीतून मात्र नळी एक अंश हलली की चित्र दहा अंश हलते, आणि मेंदूचा आयुष्यभराचा हिशेब चुकतो. ज्यांच्या अंतर्कर्णात आधीच उणीव असते त्यांना त्यामुळे मळमळू लागते. मधुमेहाने तळव्यांची संवेदना बोथट झालेल्या माणसाचा तोल तर मुख्यतः नजरेच्या कडांवर, म्हणजे भिंतीच्या रेषा, खिडकीची चौकट, जमीन यांच्या अंधूक जाणिवेवर उभा असतो. एक डोळा मिटून दुसरा अरुंद नळीला लावला की नेमका हाच आधार जातो. आपला नेम का डगमगतो याचे उत्तर असा माणूस हातात शोधतो, खांद्यात शोधतो, क्वचित स्वतःच्या धीरातही शोधतो, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

यावरचे उपाय मोठे खर्चाचे नाहीत. न वापरायचा डोळा मिटण्याऐवजी त्यापुढे धूसर पट्टी लावावी. स्पर्धेच्या नियमांत ती 30 मिलिमीटरपर्यंत रुंद चालते, आणि तिच्या कडेने परिसराचा उजेड व रेषा दिसत राहतात. वर्धनशक्ती कमीच ठेवावी. उभे राहण्याऐवजी मेजाचा टेकू घेऊन सराव करण्यात कमीपणा नाही. मान वर केली किंवा कूस बदलली की काही क्षण गरगरत असेल, तर अंतर्कर्णातील बारीक स्फटिक जागचे हलल्याची शक्यता असते, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ डोके ठरावीक क्रमाने वळवून पुष्कळदा ते पूर्ववत करतात. तोवर बंदूक हाती धरू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर आपण नेमबाजी करतो, हे भिंग निवडण्याआधीच शल्यविशारदाला सांगावे, कारण अनेक अंतरांसाठी बनवलेल्या भिंगांनी चष्मा सुटत असला तरी प्रकाशाभोवती वलये दिसू शकतात आणि काळ्या-पांढऱ्यातला भेद मंदावतो.

परवान्याच्या शस्त्राबाबत एक जास्तीची दक्षता हवी. शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत 3 वर्षांवरून 5 वर्षांवर गेली. साठीपुढच्या डोळ्यात आणि कानात पाच वर्षांत पुष्कळ उलथापालथ होते, तेव्हा नूतनीकरणाची वाट न पाहता दरवर्षी दृष्टी, डोळ्यावरचा दाब आणि तोल तपासून घ्यावा, विशेषतः काचबिंदूसाठी, कारण तो नजरेच्या कडा मुकाट्याने खातो आणि शेजारच्या मार्गिकेत पुढे आलेला माणूस दिसणे हे त्या कडांवरच अवलंबून असते.