औंढ्याचा आरसा झोके घेऊ नये म्हणून… सावली मोजणारा प्रकाश

लोणार तालुक्यातील सुलतानपूरच्या आग्नेयेला, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील. लहर आली की ही लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते. एवढा बदल टिपायचा, तर आरसे अगदी शांत हवेत.

आरसा टांगतात का?

ट्रक गेला, वारा सुटला, तरी जमीन थरथरते. म्हणून ४० किलोचा आरसा चार टप्प्यांच्या लोलकाला टांगतात. वेगवान थरथर वरच्या वर जिरते. पण पाळण्याला धक्का लागला की तो झुलत राहतो, तसाच लोलकही.

झोका थांबवतात कसा?

लोलकाला चुंबक आणि बाजूच्या चौकटीवर तारेचे वेटोळे असते. वीज सोडली की चुंबक सरळ रेषेत ढकलला जातो. ही झाली छोटीशी रेषीय मोटर. स्पीकरमध्येही हेच तत्त्व असते.

किती आणि कधी ढकलायचे, हे प्रकाश सांगतो. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर फोटोडायोड आणि मध्ये चुंबकासोबत हलणारी छोटी पट्टी. ती साधारण निम्मा प्रकाश अडवते. लोलक सरकला की सावली कमी-जास्त होते आणि फोटोडायोडचा प्रवाहही बदलतो. त्यावरून संगणक वेग काढतो आणि उलट दिशेने जोर लावतो. कशाला कशाचा स्पर्श नाही, म्हणून घर्षणही नाही.

खरी अडचण कुठे?

फोटोडायोडचा प्रवाह आपोआपही किंचित कमी-जास्त होतो. नियंत्रण यंत्रणा त्यालाच हालचाल समजली, तर शांत लोलक तीच हलवेल! म्हणून अमेरिकेतील लायगोमध्ये झोका मुख्यतः सर्वांत वरच्या टप्प्यावर शमवतात. चुकीचा धक्का बसलाच, तर खालचे तीन टप्पे तो गाळतात. शेवटच्या आरशावर चुंबक नसतो. त्याला विद्युतक्षेत्राने हलकेच सावरतात.

याच शांततेमुळे १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर थेट टिपता आली. औंढ्याची वेधशाळा सुरू झाल्यावर लहर आकाशात नेमकी कुठून आली, हे शोधणे अधिक सोपे होईल.