विश्लेषण : डेस्कटॉपचे ओव्हरक्लॉकिंग सुरक्षितपणे कसे करावे? धोका वेगाचा की व्होल्टेजचा?

नवा प्रोसेसर घेण्याऐवजी आहे त्याचाच वेग वाढवणे, हा गेमिंग आणि व्हिडीओ एडिटिंग करणाऱ्यांचा आवडता उपाय. मात्र घाईत भरलेला एक आकडा प्रोसेसरचे आयुष्य कमी करू शकतो किंवा नकळत फाइल्स बिघडवू शकतो.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून ठरतो. बेस क्लॉक सहसा १०० मेगाहर्ट्झ असतो. मल्टिप्लायर ५० असेल तर वेग ५ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये मल्टिप्लायर ५२ केला की वेग ५.२ होतो. कंपनीने ठरवलेली मर्यादा अशी ओलांडणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए अनेकांनी ४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दीडपट वेगाने चालवला.

आज तेवढा फायदा होतो का?

नाही. आताचे प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून स्वतःच वेग वाढवतात. त्यामुळे हाताने मिळवण्यासारखे थोडेच उरते. शिवाय अनेक गेममध्ये अडचण प्रोसेसरची नसते, ग्राफिक्स कार्डाची असते.

कोणत्या संगणकावर शक्य?

इंटेलमध्ये नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक डेस्कटॉप रायझन प्रोसेसर खुले असतात, पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा हवा. कार्यालयांतील तयार डेस्कटॉपमध्ये ही सोय सहसा बंद असते.

खरा धोका कशाचा?

व्होल्टेजचा. वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर वीज आणि उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. तापमान हाताबाहेर गेले तर प्रोसेसर स्वतः वेग कमी करतो. जादा व्होल्टेजने होणारी झीज मात्र हळूहळू होते आणि भरून येत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर झाले. त्यामागे जादा व्होल्टेज असल्याचे सांगून कंपनीने बायोस अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे प्रोसेसर असणाऱ्यांनी आधी ते अपडेट करावे.

सुरक्षित पद्धत कोणती?

प्रथम महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्यावा. पूर्ण भारावर मूळ वेग आणि तापमान किती, हे नोंदवावे. मग मल्टिप्लायर एकेका अंकानेच वाढवावा. प्रत्येक वेळी सिनेबेंच किंवा ओसीसीटीसारखी चाचणी चालवून एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहावे. ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. चाचणीत संगणक बंद पडला तर व्होल्टेज वाढवण्याआधी एक पायरी मागे यावे. संगणक सुरूच झाला नाही तर मदरबोर्डवरील 'क्लिअर सीमॉस'ने मूळ सेटिंग परत येते.

रॅमचे काय?

रॅमच्या पाकिटावरचा वेग अनेकदा आपोआप लागू होत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करावे लागते. तांत्रिकदृष्ट्या हेही ओव्हरक्लॉकिंगच. त्यानंतर मेमटेस्ट८६ चालवावे. कारण प्रोसेसर अडखळला तर बहुधा संगणक बंद पडतो आणि लक्षात येते. रॅमच्या चुकीने फोटो किंवा हिशेबाची फाइल बिघडली तर ते महिनोन् महिने कळत नाही.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?

कूलर खोलीतल्या हवेनेच प्रोसेसर थंड करतो. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. डिसेंबरमध्ये ७५ अंशांवर स्थिर असलेले सेटिंग विदर्भातल्या मे महिन्यात ९० च्या घरात जाऊ शकते. म्हणून उन्हाळ्याआधी धूळ साफ करून चाचणी पुन्हा घ्यावी.

करावे की नाही?

मर्यादेबाहेर चालवल्याने झालेले नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. रोजीरोटी ज्या संगणकावर चालते, त्यावर प्रयोग नकोत. तिथे चांगला कूलर आणि हवा खेळती ठेवणारी कॅबिनेट पुरेशी. थंड राहिलेला प्रोसेसर आपला वाढीव वेग स्वतःच अधिक काळ टिकवतो.